भोंग्याचं आवतण

"अवो, गोठा कायले झाडून रायले तुमी? कोन बांधाचं हाय त्यात?"

इंदूनं चुलीपाशी बसल्या बसल्या आवाज दिला. कवडूनं मान वर केली नाही. खराट्याचा हात चालूच होता. गोठ्यात झाडण्यासारखं काही नव्हतं. शेण नव्हतं, कुटार नव्हतं, सांडलेला चारा नव्हता. होती ती नुसती धूळ, आणि ती या कोपऱ्यातून उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसत होती. गव्हाणीखाली भोंग्या कुत्रा पडला होता. खराटा जवळ आला की तो अंग उचलून जरासा सरके आणि खराटा पुढं गेला की पुन्हा त्याच जागी गोल होऊन पडे.

"ऐकू येऊन रायलं का नाई?"

"हं."

बाहेर गावातली बैलं नदीवर निघाली होती. उद्या पोळा. घुंगरं वाजत होती, पोट्टे ओरडत होते, कोणाचा तरी गोऱ्हा सुटून पळाला म्हणून दोन बायका शिव्या घालत होत्या. कवडूच्या दारावरून जोड्यांवर जोड्या गेल्या. दरवर्षी यातलं पहिलं घुंगरू त्याच्या घरचं असे. यंदा तो खराटा घेऊन उभा होता आणि त्याला काही होत नव्हतं. हातातलं झाडणं संपलं, तेव्हा खराटा भिंतीला टेकवला आणि तिथंच बसून राहिला.

त्याचं हे 'हं' घरात आलं ते मृगाच्या आधी. त्याच्या जोडीतल्या पाखऱ्याला लंपीनं धरलं होतं. अंगभर गाठी उठल्या, पायावर सूज आली. सरकारी डॉक्टर सुया देऊन गेला. इंदूनं कडुनिंबाचा पाला वाटून वाटून लावला, मारुतीला नारळ कबूल केला. पण पाखऱ्या एकदा बसला तो उठलाच नाही. राहिला चांद्या. एकट्या बैलाला वखर लावता येत नाही, डवरं लावता येत नाही, आणि दावणीला नुसता उभा बैल बघवत नाही. तिगावचा एक माणूस जोडीला जोड शोधत आला, त्याला दिला. कवडूनंच दावं सोडलं, कवडूनंच टेम्पोपाशी नेला. चांद्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हता. कवडूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप बसली की चालायचं हे त्या जनावराच्या अंगात इतकं भिनलेलं, की तो मुकाट चढला. नदीच्या वळणापर्यंत त्याचं हंबरणं ऐकू येत होतं. मग बंद झालं.

कवडू रडला नाही. रडला असता तर इंदूला बरं वाटलं असतं. तो घरी आला, पाय धुतले, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या अंगावर एक जाड घोंगडं पडल्यासारखं झालं. चहा समोर ठेवला तर निवून जाई. पायात काटा मोडला तर संध्याकाळी इंदूच्या नजरेला पडेपर्यंत त्याचा त्याला पत्ता नसे. बगीच्यात संत्र्याची फळं गळत होती, शेजारचा म्हणाला फवारा मार, यानं मारला. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. सगळं लांबून दिसल्यासारखं दिसे, कोणा दुसऱ्याच्या वावरातलं.

फक्त एक गोष्ट त्या घोंगड्यातून आत शिरे, आणि ती म्हणजे भोंग्याचं रडणं.

हे कुत्रं तसं इंदूचं. कुठल्याशा पावसात चिखलानं माखलेलं, मुठीएवढं पिल्लू तिनं पदरात घालून आणलं होतं. ठेवायचं कुठं, तर गोठ्यात. रात्री पाहिलं तर हे बेणं चांद्याच्या पोटाशी जाऊन झोपलेलं, आणि तो एवढा मोठा बैल, पाय हलला तर खालचं चिरडेल म्हणून रात्रभर एका कुशीवर पडून राहिलेला. तेव्हापासून ते कुत्रं बैलांचं झालं. बैल वावरात गेले की हे वावरात, बैल पाण्यावर गेले की हे पाण्यावर. बाकी गुण सगळे कुत्र्याचेच होते. पाहुण्याची एक चप्पल पळवायची, एकच, दोन्ही कधी नाही. मोटार सुरू झाली की पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाणी चावत बसायचं. दिवाळीत फटाका फुटला की गव्हाणीत जाऊन लपायचं आणि दोन दिवस जेवायला बाहेर यायचं नाही. रेबीजची सुई द्यायला माणूस आला की त्याच्या गाडीचा आवाज कोसावरून ओळखून उसात पळायचं. इंदू दुपारी त्याला मांडीवर आडवं घेऊन कानामागचे गोचीड काढी आणि अशी बडबडे की जशी लेकीची वेणी घालते आहे.

नाव भोंग्या पडलं ते मात्र हरिनाम सप्ताहात. इंदूला कीर्तनाचं वेड. बुवा कुठलेही असोत, मंडपात पहिल्या रांगेत ही, आणि हिच्या मागं चपलांपाशी हे कुत्रं. बुवांनी पहिल्याच दिवशी आलापाला वरचा सूर लावला, पेटीवाल्यानं साथ दिली, आणि मागून यानं मान वर करून असा काही गळा काढला की मंडप हसून लोळला. कोणी हाकलायला उठलं, तर बुवांनी हात केला. "राहू द्या, राहू द्या! माझे झिलकरी बेसुरात म्हणतात, हा बिचारा सुरात आहे." सप्ताह संपेपर्यंत ते रोज आलं, रोज त्याच सुराला ओरडलं, आणि काल्याच्या दिवशी बुवांनी आपल्या हातानं त्याच्या पुढं काल्याची मूठ ठेवली. इंदूला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

ते ओरडणं वेगळं, आणि आता होतं ते वेगळं. चांद्या गेल्यापासून रोज दिवस बुडायला, जनावरं घरी यायच्या वेळेला, भोंग्या उठून फाटकापाशी जायचा, तिगावच्या वाटेकडं तोंड करून बसायचा. बसायचा, बसायचा, आणि अंधार पडला की हळूच सुरू करायचा. बारीक, लांब, तुटत तुटत. बाकी जग कवडूच्या अंगाला लागत नव्हतं, पण तेवढा एक आवाज सुई टोचावी तसा आत जाई आणि आत काहीतरी हले. ते हलायला नको होतं. ते हललं तर काय होईल याची कवडूला भीती वाटे. घोंगडं बरं होतं.

म्हणून वीरेंद्रचा फोन आला तेव्हा त्यानं हो म्हटलं होतं. वीरेंद्र त्याचा मुलगा, सौंसरला एका कारखान्यात कामाला. "बाबा, तो दिलीप नाई का, माह्यासंगं शाळेत होता, त्यानं मोहगावच्या रोडवर कोंबड्याचं फारम टाकलं. त्याले चांगलं कुत्रं पायजे रखवालीले. आपल्या घरी तसंबी आता काम काय हाय त्याले? बगीचा तं ठेकेदाराचे माणसं पायतेत."

"हं," कवडू म्हणाला होता. "घेऊन जा म्हणा."

इंदूला सांगायचं राहिलं. मुद्दाम लपवलं असं नाही. शब्द गोळा करून तोंडाशी आणायचे म्हणजे एक काम होतं, आणि ते रोज उद्यावर जात होतं.

दिवस कलला. घरोघरी खांदशेकणी सुरू झाली. धुऊन आणलेल्या बैलांच्या खांद्यावर तूप-हळद चोळायची, वर्षभर जू वाहिलं तो खांदा शेकायचा, आणि हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. एकदा ते दिलं की दुसऱ्या दिवशी बैलांचे पाय धुवून, त्यांना पुरणपोळी चारल्याशिवाय घरातलं माणूस तोंडात घास घालत नाही. इंदूनं आपल्या सवयीनं तूप पातळ केलं, हळद कालवली, वाटी घेऊन गोठ्याच्या दारात आली आणि तिथं उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की वाटी कोणासाठी भरली.

मग ती आत गेली आणि रिकाम्या गव्हाणीखाली उकिडवी बसली.

"उठ रे," ती म्हणाली. "उठ, भोंगू. तूच हायेस आता दावणीले."

तिनं दोन बोटं वाटीत बुडवली आणि कुत्र्याच्या मानेच्या मागं, जिथं बैलाला जू बसतं तिथं, तूप-हळद चोळायला लागली. भोंग्यानं वाटी चाटायला जीभ काढली. "अबे थांब, हावऱ्या! हे खाचं नसते." हसता हसता तिनं पदरानं नाक पुसलं. मग दोन्ही हात जोडले. बैलांना म्हणते तसंच, मोठ्या मानानं, अहो-जाहोत म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

कवडू दारात होता. त्यानं सगळं पाहिलं. आता सांगायला हवं होतं. 'इंदे, त्याले उद्या न्याले येऊन रायले.' एवढंच. इंदूनं वर पाहिलं.

"पायलं? घेतलं त्यानं आवतण. कान हालवले."

"हं," कवडू म्हणाला.

सकाळी इंदू मारुतीला नैवेद्य घेऊन गेली आणि इकडं दिलीपची पिकअप दारात लागली. माणूस उमदा होता, पोट सुटलेला, बोलायला मोकळा.

"राम राम काका! आजच आलो, राग मानू नका. उद्या पांढुर्ण्याले गोटमार, नदीवर दगडं फेकाची. माहे दोनी गडी म्हणते, मालक, गोटमार चुकवाची नाई. कितीबी सांगतलं तरी जातीनच. डोस्कं फोडून घ्याले एवढी घाई कोणाले असते का? मंग फारमवर कोन? म्हटलं कुत्रं आजच नेऊन बांधतो, रातभर जागा ओळखन." त्यानं भोंग्याकडं पाहिलं. "हे पिवयं काय लावलं मानेले? खरूज-गिरूज तं नाई ना, काका? कोंबड्याईले लागन."

"नाई. हळद हाय."

"मंग ठीक हाय."

पिकअपचं मागचं फळकुट पाडलं. भोंग्या चाकाचा वास घेऊन आला, चाकावर पाय वर केला, आणि घरात निघाला. दिलीपनं पट्ट्याला साखळी लावून ओढलं तर त्यानं चारी पाय रोवले. भुंकला नाही, गुरगुरला नाही. कवडूकडं पाहत होता.

कवडूनं पुढं होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

भोंग्यानं वर उडी घेतली. इतकी वर्षं बैलांत राहिलेलं कुत्रं. थापेचा अर्थ त्यालाही तोच ठाऊक होता.

गाडी गेली. धूळ खाली बसली. कवडू ओट्यावर बसला आणि त्याला काही झालं नाही.

इंदू आली ती घाईत. पुरण शिजत होतं, ते पाट्यावर घेतलं, पोळ्या लाटल्या, भाज्या केल्या, कढी केली. एकदा तिनं हाक मारली, "भोंग्या दिसला नाई व बाई सकायपासून." दुपार व्हायच्या सुमारास वीरेंद्र मोटरसायकलवर आला, हातात मिठाईचा डबा. इंदूनं परातीत पाणी घेतलं, ताटात दोन पोळ्या, वर तुपाची धार, आणि गोठ्यात गेली. गोठ्यातून अंगणात, अंगणातून फाटकात, फाटकातून परत.

"भोंग्या कुठी हाय?"

वीरेंद्रनं बापाकडं पाहिलं. "सांगतलं नाई का तुमी आईले?"

"काय सांगाचं होतं?" इंदूनं ताट खाली ठेवलं नाही. "अवो, मी तुमाले विचारून रायली. कुठी हाय तो?"

"देल्ला," कवडू म्हणाला.

"देल्ला? कोणाले?"

"दिलीपले. कोंबड्याच्या फारमवर."

"कवा?"

"तू देवळात गेली तवा."

ताटातलं तूप पोळीवरून ओघळून काठाशी आलं होतं.

"काल मी त्याले आवतण देल्लं."

"हं."

"तुमी दारात उभे होते."

"हं."

"अन् तुमाले तवाबी मालूम होतं का सकायी गाडी येणार हाय."

या वेळी कवडूच्या तोंडून 'हं' सुद्धा निघालं नाही.

"आई," वीरेंद्र मध्ये पडला, "कुत्र्याले आवतण असते का कुठी? बैलाचं असते. तू बी ना, मतलब, कमालच करते. चाल, वाढ. भूक लागली."

"कुठी लिहून हाय का कुत्र्याले नसते म्हणून? माह्या तोंडून शब्द गेला. मी हात जोडले त्याच्या पुढं." तिनं ताट उचलून चुलीपाशी नेलं, पोळ्यांच्या टोपल्यावर फडकं टाकलं, कढीवर झाकण ठेवलं. मग पाटावर बसली. "मागल्या सप्त्यात बुवा काय बोलले? जेवाले बोलावलेला माणूस दारातून उपाशी गेला, तं त्याच्या मांगं देवबी उठून जाते. बोलावणारा मंग खुशाल बसो पंचपक्वान्न घेऊन. मी नाई जेवत. तुमाले जेवाचं तं घ्या हातानं वाढून."

"अवं पण आई, तो तिकडे चिकनचे तुकडे खात असन मजेत!"

"खाऊ दे. माह्या घरचं नाई खाल्लं त्यानं."

वीरेंद्र चिडला, समजावलं, हसला, पुन्हा चिडला. शेवटी मोटरसायकलची चाबी काढली. "बरं बाप्पा, मी जाऊन आणतो त्याले. झालं?"

"तू नाई," इंदू म्हणाली. "ज्यानं देल्ला तो जाईन."

तिनं स्टीलच्या डब्यात पोळ्या घातल्या, वर तूप ओतलं आणि डबा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्यात राग नव्हता. रागापेक्षा ते जड होतं.

वीरेंद्रला तसंही सौंसरला जायचं होतं, बायकोला, प्रतिभाला, माहेराहून आणायला. त्यानं बापाला फारमच्या फाट्यावर उतरवलं. "चारून घ्या अन् ऑटो पकडून घरी जा, बाबा. आईले सांगा जेवला म्हणून. तिची समजूत झाली की बस झालं." आणि तो गेला.

फारमचा वास फाट्यापासूनच येत होता. लांबच लांब शेड, जाळ्या, आत हजारो कोंबड्यांचा एकच एक कलकलाट. शेडच्या तोंडाशी लोखंडी अँगलला साखळी होती, साखळीला भोंग्या. कवडूला पाहून तो उठला, साखळी पुरेल तिथवर आला. शेपटी इतकी हलत होती की मागचं अर्धं अंग हलत होतं.

कवडूनं त्याच्या बादलीतलंच पाणी घेऊन त्याच्या चारी पायांवर ओतलं. डबा उघडून पुढं ठेवला. भोंग्यानं पोळ्या गिळल्या, तूप चाटलं, रिकामा डबा ढकलत ढकलत साखळीच्या टोकापर्यंत नेला. बस्स. इतकं सोपं होतं ते. आवतण फिटलं.

दिलीप पायजम्याची नाडी बांधत खोलीतून बाहेर आला. "काका! पोयी आणली व्हय त्याच्यासाठी? वा रे भाग्यवान! चाहा घ्या."

कवडूनं चहा घेतला. दिलीप कोंबड्यांच्या खाद्याबद्दल सांगत होता, औषधांबद्दल सांगत होता. कवडूनं कप ठेवला, डबा उचलला आणि निघाला. मागं पाहिलं नाही.

फाट्यावर ऑटो नव्हता. सणाच्या दिवशी कोण येतो? तो मैलाच्या दगडावर टेकला. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, गच्च, काळपट हिरवी. आणि मागून भोंग्यानं सुरू केलं.

ते बारीक, लांब, तुटत तुटत. दिवस अजून बुडाला नव्हता तरी. कवडूनं मांडीवर हात ठेवले आणि वाट पाहू लागला, हे थांबेल म्हणून. सुई आत जात होती, जाऊ दे. थांबेलच. कुठवर ओरडेल? दमेल. भोंग्या ओरडत राहिला, कवडू बसून राहिला.

मग ते थांबलं.

थांबणं कवडूला ठाऊक होतं. नदीच्या वळणावर असंच थांबलं होतं. थांबलं म्हणजे जनावराला कळलं की कोणी येत नाही. त्या दिवशी तो वळणाकडं पाहत उभा होता, आणि मग पाय धुवायला घरी गेला होता. धावत गेला असता तर? गाडी पुलावर हळू होते. पण कवडू पळालाच नव्हता. त्या दिवसापासून आजवर त्यानं हे स्वतःला विचारलं नव्हतं.

तो दगडावरून उठला. गुडघे दुखत होते. त्याला कळलं की गुडघे दुखत आहेत.

दिलीप त्याला परत आलेला पाहून हसला. "काय विसरले, काका?"

"साखयी सोड, बाबू."

"म्हंजे?"

"मी नेतो त्याले."

"काका, मजाक करून रायले का? तुमी शब्द देल्ला मले! माह्यासमोर नाई, पण वीरूनं फोनवर तुमचंच नाव सांगतलं. मी गाडी घेऊन आलो, डिझल जाळलं."

"शब्द देल्ला होता. मले मालूम हाय." कवडूला बोलायला वेळ लागत होता. बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीतून आधी हवा निघते, मग गढूळ पाणी, तसं. "तं असं कर. गावात सांग का कवडू खोटा निघाला. मी नाई म्हणनार नाई."

दिलीपनं कमरेवर हात ठेवले. हा म्हातारा एवढं बोलतो हेच त्याला नवीन होतं. "अवो, खरं-खोट्याचं मी काय करू? माह्या कोंबड्या पायतीन का ते? उद्या गोटमार. गडी तं सुटले समजा. मुंगूस येते, कोल्हा येते, माणसंबी येते. रखवाली कोन करन?"

"मी येतो."

"तुमी?"

"सकायी येतो. गडी वापस येतवर बसतो. भोंग्यालेबी आणतो संगं. तुले दुसरं कुत्रं भेटतवर रोज येईन, तसंबी घरी काय काम हाय मले."

दिलीपला हसू आवरेना. "काका, अन् चोर आला तं भुकान का तुमी?"

"भुकाचं तो पायते," कवडू म्हणाला. "मी दगड मारतो."

दिलीप मोठ्यानं हसला, मान हलवली, आणि हसता हसताच साखळीकडं वळला. "न्या बाप्पा. पण सकायी नाई आले तं मीच येऊन तुमाले बांधून नेईन, सांगून ठेवतो!"

ऑटो मिळालाच नाही. दोघं पायी निघाले. भोंग्या आधी पुढं पळाला, मग मागं आला, मग पुन्हा पुढं, आणि शेवटी कवडूच्या उजव्या पायाशी लागून चालायला लागला. वाटेत एक बाई मातीचे बैल टोपलीत घेऊन चालली होती, तिनं विचारलं, "कोणत्या गावचे गा भाऊ?" त्यानं सांगितलं. एवढंच. अंगावरचं घोंगडं पूर्ण उतरलं नव्हतं. पण त्याला एक कुठं तरी भोक पडलं होतं आणि त्यातून वारा आत येत होता. तो वारा काही सुखाचा नव्हता.

गावाच्या तोंडाशी ढोलकी ऐकू आली. मारुतीच्या पटांगणात आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलं होतं आणि त्याच्या अलीकडं जोड्या ओळीनं उभ्या होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. कोणी झडती, पोळ्याचं गाणं, म्हणत होतं आणि माणसं शेवटच्या शब्दाला आरोळी देत होती. कवडूला इथून जायचं नव्हतं. तो मागच्या गल्लीनं वळणार होता, तर त्या गल्लीतूनच उशिरा निघालेल्या दोन जोड्या आल्या, आणि पुढं बैल, मागं बैल, असा तो आपल्या कुत्र्यासकट ओळीत अडकला.

भोंग्या ढोलकीला घाबरला होता. शेपूट पोटाशी घेऊन तो कवडूच्या पायाला चिकटून उभा होता, पण पळाला नाही. आजूबाजूला बैलांचे पाय होते, त्यांत त्याला जरा धीर होता.

शालिकराम कवडूचा चुलतभाऊ. कवडूच्या घरचा पहिल्या जोडीचा मान यंदा त्याच्याकडं गेला होता. नवं धोतर, डोक्याला फेटा, हातात माइक. झडती म्हणता म्हणता त्याची नजर मागं गेली आणि त्याचं तोंड खुललं.

"अरे, अरे, पाहा गा! कवडूभाऊचीबी जोडी आली तोरणाले!"

सगळ्या माना वळल्या. हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, त्यांच्यात इंदू होती. पोटात अन्न नसतानाही पूजेला आली होती. ती उभी राहिली. हसली नाही.

"पण भाऊ," शालिकराम माइकमधून म्हणाला, रंगात आलेला, "एकच दिसून रायला! जोडीतला दुसरा कुठी हाय?"

पुन्हा हसू. कवडूनं वर पाहिलं. त्याच्या तोंडाला सवय एकाच उत्तराची होती आणि सगळ्यांना तेच अपेक्षित होतं. त्यानं भोंग्याच्या मानेवर हात ठेवला.

"मी हावो ना," तो म्हणाला.

माइक नव्हता, तरी पटांगणभर गेलं ते. कोणी तरी हसायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. शालिकरामनं माइक खाली घेतला. पाखऱ्याला खड्ड्यात उतरवताना त्यानंच एका बाजूनं पाय धरले होते.

तेवढ्यात पुढं कोणी तरी तोरण तोडलं. आरोळी झाली, ढोलकी कडाडली, घुंगरांचा एकच गलका उठला आणि जोड्या पुढं सरकू लागल्या. मागच्या बैलाचा ओला श्वास कवडूच्या पाठीला लागला. थांबलं तर वाट अडत होती. तेव्हा तो आणि भोंग्या, दोघंही, चालू लागले.